ओढ्यापलीकडे गेलेला ओक

नॉर्विच, २० ऑक्टोबर १८२४

तीर्थस्वरूप हेप्झीताईस,

धाकट्या ओबडायाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला, की अजून यार्मथच्या वाऱ्यालाच दोष देतात? तू पाठवलेले धुरावलेले हेरिंग मासे पोचले. तू डझनभर लिहितेस, माझ्या हाती अकरा आले. (गाडीवानाचं नाव मी टिपून ठेवलं आहे.)

मी इथे निसर्गचित्रं काढायला नि ती तांब्यावर कोरायला लागून चौदा वर्षं झाली. पण माणूस झाडाखाली नुसतं चित्र काढायला बसतो यावर या देशात कुणाचा विश्वास बसत नाही. लढाईच्या काळात दोनदा फ्रेंच हेर म्हणून धरलं. आता खिडक्या मोजून कर बसवणारा खिडकीपट्टीवाला समजतात. परवा मी पेन्सिल उचलताच एका म्हातारीनं खिडकीला आतून घोंगडी लावली आणि दारातून ओरडली, "खिडकी नाहीच ती, भिंतीवरचा डाग आहे!" अशा लोकांत राहून मीच तेवढा भोळा कसा राहणार?

तर मागच्या उन्हाळ्यात थेल्बीचे जमीनदार गॅदरकोल यांनी त्यांच्या पुलावरून दिसणारा देखावा कोरायचं काम मला दिलं. मधे ओढा. उजव्या काठाला गॅदरकोलांचं रान आणि तिथेच एक जुना ओक, डाव्या काठाला त्यांचे शेजारी कॅप्टन पर्डी यांची शेती. चित्र झकास उतरलं. आता तांब्याच्या पत्र्यावर जे सुलट कोरावं ते कागदावर उलट छापलं जातं, म्हणून आम्ही चित्र आरशात बघून कोरतो, हे तुला ठाऊकच आहे. पण त्या दिवसांत माझा छापखानेवाला सायलस किट सारखा दाराशी घुटमळायचा. काही बोलायचा नाही, पत्र्याकडे टक लावून बघायचा. माझी हातोटी चोरतोय, दुसरं काय! मी तो आरसा दाराकडे वळवला आणि त्यात सायलसवर नजर ठेवून, चित्राकडे सरळ बघत पत्रा कोरला. (अक्षरं मात्र सवयीनं उलटीच कोरली गेली, त्यामुळे खालचं नाव सुलट छापलं गेलं.) पहिला छाप आला तेव्हा मी फक्त पानांची नक्षी पाहिली. गॅदरकोलांनी फक्त स्वतःचं नाव वाचलं, दोनदा.

या मार्चच्या वादळात तो ओक मुळासकट पडला. आठवडाभरात लाकूड गायब, खड्डा बुजलेला. (कुणी बुजवला याबद्दल माझं एक मत आहे.) आणि मग कॅप्टन पर्डींनी जुना दस्तऐवज काढला: ओक ज्याच्या काठावर, ओढ्यालगतचं कुरण त्याचं. पुरावा? गॅदरकोलांनी स्वतःच्या नावानं छापवलेलं चित्र. त्यात ओक डाव्या काठावर!

ताई, कोर्टात मला साक्षीला उभं केलं. चित्र खरं म्हणावं तर गॅदरकोलांचं कुरण जातं. चुकलं म्हणावं तर माझा धंदा जातो. शेवटी म्हणालो, "साहेब, चित्र उलटं आहे."

"याला गॅदरकोलनं किती पाजली?" पर्डी ओरडले.

"आणि उलटं कोर म्हणून तुला पर्डीनंच पढवलं ना?" गॅदरकोल माझ्यावरच उसळले.

जन्मभर मी इतरांकडे जसं बघतो, तसं सगळं दालन माझ्याकडे बघत होतं. फार वाईट वाटतं, सांगतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून सायलस उठला. म्हणाला, "साहेब, मी थेल्बीचा. चित्रातलं ते झोपडं माझ्या आईचं. ते ओढ्याच्या डाव्या काठाला आहे, चित्रात उजवीकडे गेलंय. म्हातारी अजून तिथेच राहते, जाऊन बघा."

न्यायाधीशांनी चित्र नाकाला लावलं. "अन् हे कापणी करणारे गडी? सगळ्यांचे विळे डाव्या हातात! थेल्बीत उजव्या हाताचा माणूसच नाही?"

दालन हसलं. कुरण गॅदरकोलांचं राहिलं. मला मात्र त्यांच्या दारात पुन्हा पाऊल टाकायची मनाई झाली.

बाहेर पायरीवर सायलसला विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललास? तो म्हणाला, "आधी नुसतं आईचं झोपडं बघायला यायचो. तुम्ही आरसा वळवलात, तेव्हापासून पाचदा सांगायला आलो. छापात आईचं घर ओढ्यापलीकडे जाईल, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही दर वेळी पत्र्यावर फडकं टाकायचात." मी म्हणालो, "आज हवा गार आहे."

तुझा,
ओबडाया

ता. क. हे पत्र सायलसच घेऊन येतो आहे. त्याला चुलीजवळ बसव, वाटाण्याचं गरम सूप दे आणि सांग की ओबडायाचं चुकलं. मी तीन आठवडे प्रयत्न करतोय, तोंडातून शब्द निघत नाही. तुझ्या तोंडून बरं दिसेल. पुढच्या पत्र्यांवर माझ्या नावाखाली त्याचंही नाव कोरणार आहे, तेही सांग.

ता. क. दुसरा. हे सांगण्याआधी पाकिटाची लाख नीट तपासून घे. फुटलेली असली तर नुसतं सूप दे.