तोमेकचं तोम्का

४ जून, इंदापूर
स्वातीचा फोन. पोलंडात पाऊस. तिच्या कारखान्यात शेजारच्या टेबलावर पार्ट तपासणारा तोमेक रोज गाडीतून तिला घरी सोडतो म्हणे. "बस चुकते हो माझी." रोज?

६ जून
बायकोकडं जायचं म्हणून पोलिश शिकतोय. ऑनलाइन वर्ग, बाई तिकडच्याच, शिकवणं इंग्रजीतून. आज द्वितीया विभक्ती. काव्हा म्हणजे कॉफी, पण ती प्यायची झाली की काव्हे. बाई म्हणाल्या, इंग्रजीवाल्यांना हे जड जातं. मी ज्यु. कॉलेजात इंग्रजीच शिकवतो. जाणारच.

९ जून
पुल्लिंगी नामं. निर्जीव असेल तर रूप तेच. सजीव असेल तर शेवटी आ. आणि ट्यूब पेटली, हे तर आपलंच! घर बघतो, पण भावाला बघतो. वडलांना सांगितलं. तात्या डाळिंबाच्या बागेतून नुकते आलेले.
"जीव आसंल तर ला. बरं. पर सूनबाई हिकडं येयाची का तू तिकडं जायाचा, त्ये सांग की."

१२ जून
व्हिडिओ कॉल. मधेच खोलीतल्या मैत्रिणीला हसत म्हणाली, 'लुब्ये तोम्का.' लुब्ये म्हणजे मला आवडतो. कोण? तोमेक. मधला ए गेला, शेवटी आ आला. कुणी न सांगता कळलेलं माझं पहिलं पोलिश वाक्य. हे!
विचारलं. "अहो, तसं नसतं ते. कॉफी आवडते यालासुद्धा लुब्येच म्हणतात."
कॉफी गाडी चालवत नाही, म्हटलं. तिनं फोन ठेवला.

१४ जून
बारामती. व्हिसाचे फोटो. फोटोवाला म्हणतो, "सर, चेहरा जरा सैल सोडा की." एस.टी.त तिचं स्टेटस मोठं करून पाहिलं. सगळी टीम. तो उंच आहे मेला.
स्वाती साधा इंग्रजी अर्जसुद्धा माझ्याकडून लिहून घ्यायची. आता पोलिशमधे हसते, आणि मी प्रत्यय शोधत बसतो. जळतोय. त्याच्यावर का तिच्यावर, धड...

१७ जून
प्राचार्य : बिनपगारी रजेचं शनिवारपर्यंत सांगा. आई भाकरी थापता थापता, "संशय घिऊन जाऊ नगंस. जायाचं तर मोकळ्या मनानं जा, न्हायतर हितंच ऱ्हा."
मोकळं मन कुठनं आणू?

१९ जून
वर्ग. मोंश म्हणजे नवरा. द्वितीयेत मेंझा. नवरा-नवऱ्याला, तसाच आतनं बदलतो. 'माम मेंझा', मला नवरा आहे. नकार असला तर? बाई म्हणाल्या, नकारात खरं तर षष्ठी, पण सजीव पुरुषाचं रूप दोन्हीकडं एकच. 'न्ये माम मेंझा', मला नवरा नाही. फरक फक्त पुढच्या न्येचा.

२१ जून
शनिवार. दुपारी स्वातीचा व्हिडिओ कॉल, भाजीबाजारातून. माझ्याशी बोलताना तिला तिथल्या म्हाताऱ्या भाजीवालीनं काहीतरी विचारलं. चित्र गोठलं. नुसती खरखर. मग तिचा आवाज, स्वच्छ : "...माम मेंझा." आणि कट.
परत लावला. लागेना.
तेवढ्यात प्राचार्य. "काय ठरलं, सर?"
रजा मांडा, म्हटलं. येईन तिकडं जाऊन.
संध्याकाळी स्वातीशी बोललो. टोमॅटोचा भाव विचारला. त्या खरखरीमधे 'न्ये' होतं का, ते नाही विचारलं.