गाठ माझी, पंचायत तुमची

४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

काल नर्सबाई ऑपरेशनच्या संमतीचा कागद घेऊन आल्या. त्यावर सगळा स्तन काढायचं आधीच लिहिलेलं. चौकशी केली तेव्हा कळलं, तू आणि ह्यांनी डॉक्टरीणबाईंना बाहेर गाठून परस्पर ठरवून टाकलंत. मी सही केली नाही. गाठ माझी आणि पंचायत तुमची?

मग डॉक्टरीणबाईंना समोर बसवून सगळं विचारून घेतलं. गाठ लहान आहे. ती आजूबाजूच्या थोड्या चांगल्या भागासकट काढायची आणि नंतर रेडिएशन घ्यायचं, तर माझ्यासारखीच्या बाबतीत जगण्याची आशा सगळं काढण्याइतकीच. मात्र कडेला रोग सापडला तर पुन्हा ऑपरेशन. मी हेच निवडलंय. ह्यांच्याशी अबोला धरलाय. तुझ्याशी धरवत नाही म्हणून लिहितेय.

तुझी,
धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

माफी मागणार नाही. कॅन्सर म्हटल्यावर मला एवढंच वाटलं, जितकं जास्त काढतील तितके जास्त दिवस तू आमच्यात राहशील. डॉक्टरांचं म्हणणं डोक्यात शिरतं गं, पण जिवाची घालमेल थांबत नाही.

आज मेहुण्यांचा फोन आला, ऑपरेशननंतरच्या तपासणीत कडेला रोग सापडला म्हणून. मी म्हटलं नव्हतं का, हे वाक्य गिळून बसलेय, त्याचं तरी कौतुक कर. आता हट्ट सोड. सगळं काढ, आणि पाठीचा स्नायू घेऊन नवीन करून घे. रोज पोहण्याच्या कपड्यात चारचौघांना शिकवतेस, लोक बघतील.

काळजीत,
ताई

२३ मार्च

ती. ताईस,
सा. न.

रोग एकाच कडेला नाही. थोडं थोडं कापत गेलं तर फारसं काही उरणार नाही, असं बाई म्हणाल्या. म्हणून सगळं काढायचं ठरवलं. ठरवलं मी. ताईचं ऐकलं असं गावभर सांगत सुटू नकोस.

नवीन काही करून घेणार नाही. पाठीचा स्नायू घेतला तर बऱ्याच जणींचं काही अडत नाही, पण हाताचा जोर थोडा कमी होऊ शकतो. गटांगळ्या खाणाऱ्याला काठावर ओढायला मला तो जोर लागतो. सिलिकॉनचंही विचारलं, सध्या नको वाटलं. लोक बघतील तर बघू देत. नाकातोंडात पाणी गेलं की भल्याभल्यांची नजर ताळ्यावर येते.

मी भीत नाही असं मात्र समजू नकोस. काल आरशासमोर पोटभर रडले. मग डोळे पुसले आणि सही केली. भीत भीतच केली, पण माझी मी केली.

लोभ वाढव, सल्ले आवर.

तुझीच,
धाकटी