काचेले हात लावू नको

माय, तू ओरडशील म्हणून इतके दिवस सांगितलं नाही. हुडकेश्वरच्या घरातला गॅस तुझ्या नातवानं काढून टाकला आणि ओट्यावर काच बसवली. काळी, सपाट, तोंड दिसेल अशी. जाळ नाही, बटण नाही. शेगडी म्हणे तीच. काचेवरच्या चित्राला बोट लावायचं की ती ‘टीं’ करते आणि तापते. मी म्हटलं, बाप्पा! काचेला बोट लावायचं?

तुला आठवतं ना तुझं काचेचं कपाट? बाबांनी विणलेला दसऱ्याचा माल गांधीबागेच्या कापडबाजारात चांगला गेला, त्या वर्षी आलेलं. आत सहा कप, जावयाशिवाय कोणाच्या ओठाला न लागलेले. तू मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायचीस, पाठ आमच्याकडे, तरी आमचं बोट काचेपर्यंत पोचलं की आवाज यायचा, “काचेले हात लावू नको वं!” आणि डाग सापडला की ओला कागद हातात घेऊन चौकशी, “कोनाचं बोट हाय हे?” मी धाकट्याकडे पाहायची. त्याला धपाटा बसायचा.

तो आवाज माझ्या हातात राहून गेला गं. शेगडीपुढे उभी राहिले की बोट पुढे जातच नाही. मी पदराची दुहेरी घडी बोटावर घ्यायची आणि दाबायची. शेगडी ढिम्म. कोपरानं दाबून पाहिलं, लाटण्यानं दाबून पाहिलं. एकदाची लागली तर डाग दिसतो म्हणून मी लगेच ओल्या कागदानं पुसायला घ्यायची, तुझ्याच पद्धतीनं, गोल गोल. पुसता पुसता ती बंद व्हायची, परत लागायची, दूध उतू जायचं. एक दिवस तर कागद कुलपाच्या चित्रावर जरा रेंगाळला आणि तिनं स्वतःला कुलूपच लावून घेतलं. मुलगा म्हणाला, “आई, ते चाइल्ड लॉक आहे. लहान लेकरांनी हात लावू नये म्हणून.” आता मला सांग, साठीला आलेल्या बाईनं हे ऐकून घ्यायचं?

हसण्यावारी नेलं असतं, पण या दसऱ्यानंतर मुलगा-सून दोघंही दहा दिवस पुण्याला जाणार होते. जेवताना मुलगा हळूच म्हणतो, “आई, तुझ्यासाठी डबा लावून देऊ का?” मी म्हटलं, “डबा? मले? काहून, माझे हात मोडले का?” खूप लागलं मला. पन्नास माणसांचं वरण-भात-वडाभात रांधलेली बाई मी, आणि माझ्याच घरात दारावरची घंटी वाजायची वाट पाहू? शेवटी ठरलं, दसऱ्याच्या सकाळी दोघांसमोर एकटीनं चहा करून दाखवायचा. झाला तर डबा नाही.

आता दसरा म्हटल्यावर आधी काय? तू मागाला हळद-कुंकू लावून झेंडू वाहिल्याशिवाय घरात चहा झाला होता का कधी? मी आंघोळ करून आले, हळद कालवली आणि शेगडीला पाच बोटं लावली, वर कुंकू. टीं. टींटीं. टींटींटीं! आकडे नाचायला लागले, आणि परत ते लेकरांचं कुलूप. मुलगा डोक्याला हात लावून बसला. सून हसून हसून खाली टेकली. म्हणाली, “अहो आई, कुंकू नका लावू, तिले ते बोटच वाटते!”

“मंग पूजा कुठं करू?”

“कडेले करा. आन् पदर सोडा. नुसतं बोट लावा, मी पुसते मागून.”

ती पुसते म्हणाली, तेव्हा कुठं हात मोकळा झाला. उघडं बोट टेकवलं. टीं. चहा झाला, माय. आलं जरा जास्त पडलं, पण दोघांनी गुमान प्यायला. डबा रद्द.

ते पुण्याला गेले. काल दुपारी वरण-भात करून, जेवून खोलीत आले. तुझं कपाट आता तिथं असतं, सहाही कप शाबूत. काय वाटलं कोण जाणे, काचेला बोट लावलं. उघडं, चांगलं दाबून. आणि थांबले. मुलगा कौतुकानं सांगतो, बोटाला उत्तर देणारी काच आता निघाली. अरे, आमच्या घरी ती तेव्हाच होती! बोट लागलं की मागून लगेच आवाज.

काल आला नाही. फार आठवण आली तुझी.

हे पत्र कपांच्या मागे ठेवते. एवढंच सांगायचं होतं, धाकट्यानं खाल्लेले धपाटे माझे होते. आणि कपाटावर आत्ता जो डाग आहे तोही माझाच. पुसलेला नाही.