मधोमध शिवण नको

मी, केसरबाई भ्रतार कै. नत्थूजी सातपुते, वय वर्षे चौसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार पांढुर्णा, तहसील सौसर, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे लिही म्हणून मला कोणी धाक घातलेला नाही. लिहू नको म्हणून मात्र महिनाभर घातला, आणि त्याचा काय उपयोग झाला ते हा कागदच सांगेल.

माझ्या भासऱ्यांचा, म्हणजे थोरल्या दिरांचा, मुलगा मुकुंद गावभर सांगत फिरतो की काकू भ्रमिष्ट झाली. म्हणून गुणवंता मास्तर, जे या कागदावर साक्षीदार आहेत, मला म्हणाले, "बाई, उद्या कोर्टात मले विचारलं का यांची बुद्धी शाबूत होती हे कशावरून, तर म्या काय सांगू? दोन-चार प्रश्न विचारू का?" मी म्हटले, तुम्ही नका विचारू, मीच सांगते. तुमची चादर उजव्या खांद्याखाली विरते, म्हणजे तुम्ही उजव्या कुशीवर झोपता. पायाकडे शाईचे डाग असतात, म्हणजे पोरांच्या वह्या पलंगावर बसून तपासता. आणि गेल्या पावसाळ्यापासून चादरीची डावी बाजू कोरीच्या कोरी आहे, म्हणजे तुमची मंडळी अजून माहेरीच आहे. मास्तर म्हणाले, "बस करा जी, पटलं." तेव्हा बुद्धीचा विषय संपला.

हा कागद मी मराठीत लिहिते आहे. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाने सांगितले, "बाई, आता नागपूर सुटलं, भोपाळचं राज्य हाये, हिंदीत लिवा." मी साठ मैलांवरच्या नागपूरहून कापड आणत म्हातारी झाले. आता ते नागपूर मुंबईच्या राज्यात गेले आणि आम्ही इकडे राहिलो. ज्यांनी नकाशा कापला त्यांनी शिवण नेमकी आमच्या पाठीखाली आणली. कोणी विचारले नाही, कुठे टोचते म्हणून. अक्षरे मी सुईने शिकले. सरकारी दवाखान्याच्या चादरींवर लाल दोऱ्याने आकडे आणि खुणा भरता भरता बाराखडी आली. ज्या अक्षरांसाठी बोटे टोचून घेतली, ती अर्जनवीसाच्या सांगण्यावरून मी टाकणार नाही.

कलम पहिले : घर.

जाम नदीकडे उतरणाऱ्या गल्लीतले दोन खोल्यांचे आणि एका ओसरीचे घर हे माझे यजमान नत्थूजी यांच्या वाटणीचे. भाऊभाऊ आधीच वेगळे झाले होते. यजमान १९२१ साली तापाने गेले, मूलबाळ नव्हते. तेव्हापासून पस्तीस वर्षे मला हेच ऐकवण्यात आले की घरात राहा, पण घर तुझे नाही. तू मेल्यावर ते भासऱ्यांकडे जाईल. म्हणजे मी मालकीण नव्हते, राखणदार होते. यंदाच्या जून महिन्यात दिल्लीला नवा कायदा झाला. मास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखवले की बाईच्या ताब्यात जे आहे ते आता तिच्या पूर्ण मालकीचे. मी त्यांना ते तीनदा वाचायला लावले.

मुकुंदला हे ठाऊक नव्हते. दिवाळी झाल्यावर तो मोहगावचे एक गिऱ्हाईक घेऊन आला. मी ओसरीवर शिवायला बसले होते. त्या माणसाने माझ्याच मशीनवरची फीत उचलली आणि ओसरी मोजू लागला. मुकुंद म्हणाला, "काकू, तुमी आता आमच्याकडे राहा. घराचा सौदा करून राहिलो म्या."

"कोणाच्या घराचा?" मी विचारले.

"असं काय करता जी? आपल्याच."

"मग आपलं घर विक. हे माझं हाये. अन् फीत खाली ठेवाले सांग."

तर हे घर, ओसरी आणि परसातले संत्र्याचे एक झाड यांसह, मी मनकर्णा हिला देत आहे. मनकर्णा मूळची रामाकोन्याची. नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला दारातून काढले, तेव्हा ती एक उशी घेऊन माझ्याकडे आली. त्याला एकोणीस वर्षे झाली. घर विकले गेले तर मुकुंदला एक घर आहेच. मनकर्णेला उशी तेवढी आहे. एका बाईला दोनदा दारातून काढलेले मी पाहणार नाही, मेल्यावरसुद्धा नाही.

कलम दुसरे : मशीन आणि काम.

हाताची शिलाई मशीन, तीन कात्र्या, फीत, लाकडी पेटी आणि लाल दोऱ्याची सगळी रिळे मनकर्णेची. पण मशीनसोबत माझी रीत पण जाते. ती मोडली तर मशीन विकून टाक म्हणावे. रीत अशी :

कापडाचा पन्हा अरुंद, म्हणून चादरीला दोन पट्टे लागतात. सगळे जग ते दोन पट्टे मधोमध जोडते. एका टिपेत काम होते, आणि निजणाऱ्याच्या कण्याखाली रात्रभर दोरी येते. आपण तसे करायचे नाही. एक पट्टा अख्खा मधे ठेवायचा, दुसरा उभा कापून अर्धा अर्धा दोन्ही बाजूंना लावायचा. काठाला काठ जोडायचा, म्हणजे शिवण चपटी बसते. कापलेली कड बाहेर येते, ती दुमडीत घालायची. कापड तेवढेच लागते, टीप एक जास्त पडते. दवाखान्याच्या बाबूला ती एक टीप परवडली नाही. म्हणाला, "मधून जोडा. पेशंट काय शिवण पाहायले येऊन राहिले?" मी म्हटले, "पाहायले नाही, तिच्यावर पडायले येते." दोन वर्षे त्या दवाखान्याचे काम मी केले नाही. मग तिथल्या नर्सबाई स्वतः आल्या आणि तुमच्याच रीतीने करा म्हणाल्या. बाबू आला नाही. त्याची मी आजही वाट पाहते.

मांजरपाट आधी भिजवून, वाळवून मगच कापायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात चादर आखडते आणि सकाळपर्यंत तिचे वेटोळे होते. गादीखाली हातभर खोचता येईल एवढी ती मोठी हवी. डोक्याकडची दुमड चार बोटे, पायाकडची दोन बोटे, म्हणजे अंधारातही हाताला कळते आणि पायाची बाजू तोंडावर येत नाही. रजईची खोळ रजईपेक्षा बोटभर लहान, म्हणजे कापूस आत हिंडत नाही. खोळीचे तोंड पायाकडे, आणि त्याला वीतभर झाप, म्हणजे आत मुडपायची पट्टी. गुंड्या लावायच्या नाहीत. थंडीत पायाच्या बोटाला गुंडी लागली की माणूस जागा होतो आणि त्याला वाटते आपल्याला चिंता आहे.

रुखवताच्या चादरीवर लोक मधोमध मोर भरून मागतात. भरून द्यावा, पण कडेला. नव्या नवरीने मोराच्या गाठींवर का झोपावे?

कलम तिसरे : मुकुंद.

मुकुंदला काहीच दिले नाही असे कोणी म्हणू नये. पेटीच्या तळाशी निळ्या पट्ट्यांची एक लहान खोळ आहे. यजमान गेले त्या हिवाळ्यात हा चार वर्षांचा होता आणि आईची नजर चुकवून माझ्याजवळ निजायला यायचा. झोपेत अशा लाथा झाडायचा की रजई खोळीत गोळा होऊन पायाशी बसायची आणि पोर कुडकुडायचे. म्हणून मी रजईच्या चारही कोपऱ्यांना आणि खोळीच्या आतून चारही कोपऱ्यांना बंद शिवले, आणि एकमेकांना बांधले. गावात आज सगळ्या खोळींना ते बंद असतात. ते मी मुकुंदसाठी काढले.

त्याची चादर छाया, म्हणजे त्याची बायको, माझ्याकडे शिवायला आणते. ती पायाकडे फाटते. टाचा घासत जागणाऱ्याची चादर तिथेच फाटते. मुकुंदा, ती खोळ तुझी. घर तुझे नाही. दोन्ही गोष्टी मी पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे.

कलम चौथे : माझा देह.

वर घालाल ते कापड कोरे असते, त्याला शिवण नसते, हे ठीकच आहे. फक्त खळ धुऊन घ्या. कडक कापड मला कधी सहन झाले नाही.

कलम पाचवे : शकुबाई.

माझी जाऊ शकुबाई, मुकुंदची आई. यजमानांचे दिवस झाल्यावर तिने त्यांच्या दोन जुन्या धोतरांचे धड तुकडे जोडून मला चादर करून दिली. शिवण मधोमध, दोरा जाड, कापलेल्या कडा वरच्या बाजूला. गादी काढून नेली. मी म्हटले, बाई, हे टोचते. तर म्हणाली, "कायले व पाहिजे तुले मऊ आता?" आठ महिने मी त्या शिवणीवर निजले. मग एके दुपारी दार लावून ती उसवली आणि शिवण बाजूला नेऊन पुन्हा शिवली. माझ्या धंद्याची ती पहिली चादर.

शकुबाई दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्या, तेव्हापासून अंथरुणाला खिळल्या आहेत. बाजारच्या चादरीच्या शिवणीने त्यांच्या पाठीला जखम झाली असे छाया रडत सांगून गेली. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी मी आणि मनकर्णा त्यांच्यासाठी चादर धाडतो. पेटीत सहा नव्या चादरी आहेत, त्या माझ्यामागे शकुबाईंना द्याव्यात. शकुबाईंना मी माफ केलेले नाही. माफी वेगळी आणि चादर वेगळी.

(हे कलम मी स्वतः आडवी रेघ ओढून खोडले आहे. कारण पुढे लिहिते.)

जास्तीचा मजकूर, त्याच दिवशी संध्याकाळी लिहिला :

दोन साक्षीदार लागतात. मास्तर एक. दुसरे भैय्याजी, तिगाव स्टेशनावरचे निवृत्त बाबू, यांनी कबूल केले होते. पण मुकुंद त्यांना भेटून आला आणि भैय्याजींचे गुडघे एकाएकी दुखू लागले. तेवढ्यात छाया धावत आली. म्हणाली, "काकू, आत्याबाई म्हणून राहिल्या, कागद इकडे आणा." आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई, शकुबाई.

आम्ही गेलो. मी, मास्तर आणि मनकर्णा. मुकुंद दारात उभा होता, त्याने वाट अडवली नाही, पण बाजूलाही झाला नाही. शकुबाई म्हणाल्या, "माह्याबद्दल काय लिवलं व? वाचा मास्तर." मास्तर माझ्याकडे पाहू लागले. मी म्हटले, वाचा. त्यांनी कलम पाचवे शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले.

शकुबाई म्हणाल्या, "बरोबर लिवलं." आणि लगेच, "पर तू मेल्यावर कायले देतं? तोवर म्या राहीन का? आत्ताच दे. अन् साक्षीले माहा अंगठा घे."

मास्तरही म्हणाले की साक्षीदाराला त्याच कागदातून काही देणे बरे नव्हे, पुढे वाद निघतो. मनकर्णेने घरी जाऊन सहाही चादरी आणल्या. तिने आणि छायाने शकुबाईंना कुशीवर वळवून नवी चादर घातली. तिथेच मी कलम पाचवे खोडले. ते पूर्ण खोडले गेले, म्हणजे त्यातले माफीचे वाक्यही गेले. राहू दे.

दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी सही केली, मग मास्तरांनी. शाईची डबी पुढे आली तेव्हा मुकुंद म्हणाला, "आई, काय करून राहिली ते समजते ना तुले? घर चाललं आपलं."

शकुबाई म्हणाल्या, "तुह्या पाठीखाली कधी शिवण आली नाही, मुकुंदा. म्या तिच्या पाठीखाली घातली, अन् मग माह्याच पाठीले लागली. मले समजते." आणि अंगठा पुढे केला.

मी तो धरून कागदावर टेकवला. पस्तीस वर्षांत मी त्यांचा हात पहिल्यांदा धरला. मला रडू आले, हे लिहून ठेवते, कारण मुकुंद उद्या काहीतरी वेगळेच सांगेल.

येणेप्रमाणे मृत्युपत्र पुरे झाले. याआधी मी दुसरे काही लिहिलेले नाही आणि यानंतर लिहिणार नाही.

मुक्काम पांढुर्णा, तारीख १७ डिसेंबर १९५६.

सही : केसरबाई भ्रतार नत्थूजी सातपुते, स्वहस्ते.

साक्षीदार पहिले : गुणवंता मास्तर, प्राथमिक शिक्षक, पांढुर्णा. सही.

साक्षीदार दुसऱ्या : शकुबाई भ्रतार भिवाजी सातपुते. निशाणी अंगठा.

टीप : अंगठ्याची शाई नव्या चादरीच्या कडेला लागली आहे. मनकर्णा, ती चादर धुवायला आली तरी तेवढा डाग घासू नको. मुकुंद कोर्टात गेला तर कागदाबरोबर चादरही दाखव.