सुजलेल्या हाताचा चाकू

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा तंबू व कनाती शिवणे, हे इच्छापत्र माझ्या हाताने, दिवसाउजेडी, पोटभर जेवून लिहीत आहे. कोणी माझ्या डोक्यावर बसलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्यावरच्या कापडी छपराची शिवण कुठे उसवली आहे तेही सांगितले. याआधीचे मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे. त्यात मी सगळे यजमानांच्या नावे केले होते, आणि ते माझ्या आधी गेले. घाई त्यांनी जन्मात ही एकदाच केली.

कलम पहिले. राहते घर, वरच्या मजल्यासह, आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, माझ्यामागचा खर्च वजा जाता, माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. जिन्याची एक पायरी हलते. तुझे बाबा जन्मभर ‘उद्या करतो’ म्हणत राहिले. तू तरी करून घे.

कलम दुसरे. माझे धाकटे दीर यांच्याबाबत. भाऊजींनी माझा मोठा चाकू प्रथम पाहिला तेव्हा चारचौघांत म्हणाले होते, “वहिनी, बाईमाणसाच्या हातात एवढं धूड शोभत नाही.” आणि दुसऱ्या दिवशी फळे सोलायची एक नाजूक सुरी आणून दिली. ती सुरी मखमली डबीसह कपाटात तशीच आहे. ती भाऊजींना साभार परत करावी. त्यांच्यावर माझा राग नाही. होता, पण तो सांभाळायचा कंटाळा आला.

कलम तिसरे. सदर चाकू. हा कोणाला द्यावा हे सांगण्याआधी तो काय आहे हे लिहिणे भाग आहे, नाहीतर उद्या कोणी म्हणेल की म्हातारीने एका चाकूसाठी पानेच्या पाने खर्ची घातली.

तंबूचे काम निम्मे जमिनीवर आणि निम्मे शिडीवर. ताणलेला ओला दोर एका झटक्यात कापावा लागतो, कारण दुसरा हात शिडीला असतो. लहान चाकू दोर नुसता कुरतडत बसतो. मोठी सुरी कमरेला लावावी, तर यजमान शिडीवरून घसरले तेव्हा तीच म्यान फाडून त्यांच्या मांडीत घुसली होती. म्हणून मला मोठा, पण मिटणारा चाकू हवा होता. असा चाकू दुकानात मिळत नाही.

पेट्रोल पंपामागे एक कारागीर एकट्याने चाकू घडवत असे. त्याची रीत अशी की गिऱ्हाइकाच्या हातात कोमट मेणाचा गोळा द्यायचा, तो घट्ट आवळायला लावायचा, आणि त्या ठशावरून मूठ करायची. आपण काय सांगतो ते तो ऐकतच नसे. म्हणे, “माप तोंडाला विचारू नये, मुठीला विचारावं.” त्याच्याकडे नंबर लागायला वर्ष वर्ष जाई. माझा नंबर आला त्याच सकाळी घडी घातलेल्या तंबूतून गांधीलमाशी निघाली आणि उजव्या हाताला डसली. हात भोपळ्यासारखा झाला. दिवस चुकवला तर पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागणार, म्हणून मी तशीच गेले आणि मेण आवळले. मला वाटले, एवढा मोठा कारागीर, त्याला दिसेलच. त्याला वाटले, तंबूवाली आहे, पंजा असाच असणार.

चाकू तयार झाला. पाते ट्रकच्या कमानपाट्याच्या पोलादाचे, मूठ म्हशीच्या शिंगाची, खिळा पितळी. मिटला की वीतभर, उघडला की दुप्पट. पाते अंगठ्याने रेटले की सावकाश येते, आणि शेवटी खटका बसतो तेव्हा जड दाराची कडी लागावी तसा आवाज येतो. त्या आवाजावर मी भाळले. काम नसतानाही उघडून मिटून बघत बसे. यजमान म्हणायचे, “माझ्याकडे इतक्यांदा बघितलं असतंस तर मी तरणा राहिलो असतो.”

फक्त तोवर माझी सूज उतरली होती. बापाची चप्पल पोराने घालावी तसा तो चाकू माझ्या हातात दिसू लागला. कारागिराने पाहिले आणि त्याचा चेहराच पडला.

“बाई, हा हात त्या दिवशी कुठं होता?”

“गांधीलमाशी चावली होती.”

“मग बोलायचं नाही का?”

“तुम्ही तोंडाला विचारत नाही ना, दादा.”

तो हसत हसत खालीच बसला. मग म्हणाला, मूठ तासून देतो. मी नको म्हटले. इतकी देखणी वस्तू माझ्या मापाला आणायची म्हणजे ती लहान करायची, हे मला पटेना. मुठीवरच्या बोटांच्या खाचा मला सैल पडत, त्या भरायला मी कॅनव्हासची पट्टी गुंडाळली आणि आयुष्यभर तशीच वापरली. या चाकूने मला एकदाही दगा दिला नाही. तो कारागीर आता नाही. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते या कागदाने मानते.

पुढे मुलाचे लग्न झाले आणि सून घरात आली. उंच, थोराड, आणि हात पाहाल तर कोणाही गड्याला लाजवणारे. भाऊजींनी तिचे नाव लगेच ‘पहिलवान’ ठेवले. कारखान्यात आली त्या पहिल्याच आठवड्यात मी तिला दोर कापायला हा चाकू दिला. तिने तो हातात घेतला, जरा घुटमळली आणि म्हणाली, “आई, हे कापड मधे येतंय.” आणि मला न विचारता पट्टी सोडली. शिंगाची मूठ तिच्या हातात अशी बसली की मी शिवायचे सोडून बघतच राहिले. गांधीलमाशीने मला एका दिवसापुरता दिलेला हात या बाईला जन्मतःच होता.

तरी सदर चाकू माझ्या पश्चात तिला मिळावा.

एक संग्राहक गृहस्थ पांढरे हातमोजे घालून चाकू बघायला आले होते. त्यांनी भिंग लावले आणि “फार वापरलाय हो,” असे हळहळून म्हणाले. मुलगा त्यांच्या बाजूने बोलला. त्याचे म्हणणे समजते, पण काचेच्या कपाटात ठेवायला मी तो करून घेतला नव्हता.

कलम चौथे. कारखाना, म्हणजे जागा, शिलाईची यंत्रे, कापायचे मोठे टेबल, शिड्या, दोर आणि गिऱ्हाईके, हे सर्व माझे स्वकष्टार्जित असून ते सदर सुनेला मिळावे. मुलाने व तिने रीतसर घटस्फोट घेतला आहे. वकील मला म्हणाले, “आजी, कायद्यानं ती आता तुमची कोणी लागत नाही.” म्हणूनच लिहायचे. जे कायद्याने लागतात त्यांना न लिहिताही मिळते. घटस्फोटाच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला कामावर हजर होती. मी काही विचारायच्या आत म्हणाली, “काडीमोड नवऱ्याशी झालाय, आई, कामाशी नाही.” नवरा गेला, सासू राहिली, असा हा संसार आहे, आणि माझ्या बाजूने तो फार सुखाचा झाला.

बाळ, तुला जागा गोदामाला द्यायची होती, हे मला माहीत आहे. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. पण एक लक्षात ठेव. तू मला आयुष्यात पुष्कळ दिलेस, आणि त्यात सर्वांत मोठे म्हणजे तू तिला या घरात आणलेस. पुढे तुझे तिच्याशी पटले नाही, तू गेलास, पण तिला माझ्याकडून नेले नाहीस. त्यासाठी आई तुझी ऋणी आहे. हे मी मनापासून लिहिते, टोमणा म्हणून नाही.

येथवर लिहून मी सही करणार होते. साक्षीदार म्हणून आलेल्या पडदेवाल्या बाई चहा पिता पिता सहज बोलून गेल्या की पहिलवान त्यांच्याकडे काम मागायला आली होती, येत्या एक तारखेपासून. गोदामाचे बोलणे तिच्या कानावर गेले आहे. आपल्याला कोणी जा म्हणायच्या आत आपणच जावे, असे तिने ठरवले असणार. मानी आहे. आता मृत्युपत्र चालू होते मी मेल्यावर, आणि माझा तर एक तारखेच्या आत मरायचा काहीच बेत नाही.

म्हणून कलम तिसऱ्यातले ‘सदर चाकू माझ्या पश्चात तिला मिळावा’ हे वाक्य रद्द. कलम चौथे कायम, पण ते आजच वाचून दाखवले.

तिला आत बोलावले. साक्षीदारांसमक्ष वाचले. ती उभीच होती. नंतर म्हणाली, “लोक काय म्हणतील, आई?”

“लोकांचे तंबू आपणच शिवतो. काय म्हणायचं ते आत बसून म्हणतील.”

मी चाकू पुढे केला. माझी बोटे आता पेनापुरती मिटतात, चाकूच्या मुठीवर मिटत नाहीत, त्यामुळे तो कित्येक दिवस टेबलावर नुसता पडून होता. तिने तो उघडला. खटका बसला. तिने पात्यावरून अंगठा फिरवला आणि तोंड वाकडे केले.

“धार पार गेलीय याची. मला सांगायचं नाही?”

डोळे पुसायला ती थांबली नाही. तशीच खिडकीपाशी जाऊन बसली, धारेचा दगड ओला केला आणि पाते लावले. पडदेवाल्या बाईंनी विचारले, “मग एक तारखेला येतेस ना गं?” तिने मान वर न करता सांगितले, “नाही जमणार. इथं काम पडलंय.”

तेव्हा या मृत्युपत्रात चाकू नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. तो धारेला लागला आहे. दगडाचा आवाज ऐकत मी सही करते.

सही: तंबूवाली

साक्षीदार: पडदेवाल्या बाई (सही)

साक्षीदार: शेजारचे घड्याळजी (सही, यांनी बाजू घेतली नाही, फक्त दोनदा नाक शिंकरले)

ठिकाण: कारखाना, कापायचे टेबल

दिनांक: बावीस नोव्हेंबर, दुपार