जागच्या जागी चुळबूळ

बाई, काल दुपारी आमच्या कारखान्याच्या आवारात फक्कीने आखलेल्या चौकोनात भट्टीवरची पंधरा-वीस मोठी माणसं हेल्मेट घालून सैरावैरा पळत होती, आणि ती माझ्या सांगण्यावरून पळत होती. हे तुम्हाला कळवायला हवं असं वाटलं, कारण तो चौकोन मुळात तुमचा. मी जालन्याला एमआयडीसीत असते. आमच्याकडे भंगार वितळवून लोखंडाचे लांब ठोकळे ओततात, त्यांच्या पुढे सळया होतात. मी धातुशास्त्र शिकले आणि इथल्या प्रयोगशाळेत बसते. भट्टीतून नमुना येतो, त्यात कार्बन किती, मँगनीज किती ते मी सांगते. बोलणं मशीनशी जास्त आणि माणसांशी कमी, त्यामुळे मला हे काम मानवतं. तुम्हाला यात आश्चर्य वाटणार नाही.

गेल्या आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि भंगाराचा सगळा ढीग भिजला. वरवर ओल्या पत्र्याचं फार काही नसतं, तो भट्टीच्या धगीनेच सुकतो. खरी भीती असते ती दोन्ही तोंडं चेपून बंद झालेल्या पाइपांची आणि गाड्यांच्या जुन्या शॉकअपची. बारीक फटीतून आत पाणी शिरलेलं असतं आणि बाहेरून काही कळत नाही. असा एक पाइप वितळलेल्या लोखंडात बुडाला, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, पाइप फुटतो आणि भट्टीतलं लोखंड वर उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर उडतं. साहेब म्हणाले, लोकांना हे तुम्हीच समजावून सांगा. मी कँटीनमध्ये समजावलं. दाब, आकारमान, तापमान, सगळं बिनचूक सांगितलं. माणसं सभ्यपणे चहाच्या कपात बघत राहिली. भट्टीत माल टाकणाऱ्यांचे मुकादम घनसावंगीकडचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, इतके वर्षं झाले टाकून राह्यलो. पाणी उडून जातंय. ओंजळभर पाण्यानं काय व्हायलंय एवढ्या भट्टीला?" बाकीचे हसले नाहीत, पण त्यांचं मत कुणाच्या बाजूने आहे ते दिसत होतं. मी खोलीवर परत आले तेव्हा तो प्रश्न डोक्यात तसाच होता. ओंजळभर पाणी. त्याला उत्तर देताना मी आकडा सांगितला होता, वाफ झाली की पाण्याला सोळाशे-सतराशे पट जागा लागते. आकडा बरोबर होता. पण तो कुणाला दिसला नव्हता.

मग मला वाटूरच्या शाळेचं मैदान दिसलं. तुम्ही परतूरहून काळीपिवळी जीपने येता, उतरताच पदर खोचता आणि कबड्डीच्या मैदानावर आम्हाला उभं करता. हे मैदान म्हणजे भांडं, तुम्ही म्हणजे कण. स्थायू म्हणताच आम्ही सगळे ताठ होतो, टाचा जुळवून, हात मांड्यांना चिकटवून. शाळेने आम्हाला रांगेत उभं राहण्याची एकच रीत शिकवलेली असते. तुम्ही कपाळाला हात लावता. "अरे, सावधान कोण म्हणलं? प्रार्थनेत मुंगी चढल्यावर कशी चुळबूळ करता? तशी करा. जागा सोडायची न्हाई, पण गप बी राह्यचं न्हाई." प्रार्थनेतल्या चुळबुळीसाठी रोज पट्टी खाणारी पोरं आता तुमच्या परवानगीने चुळबुळतात आणि तुम्ही त्यांना शाबासकी देता. द्रव म्हणजे आठवडी बाजार. सगळे मैदानाच्या एका टोकाला, एकमेकांना खेटून, पण जागा बदलत, वाट काढत. आणि वायू म्हणजे सुटायचं, फक्कीच्या रेघेपर्यंत जायचं, आपटून परत फिरायचं. टेंपोवाल्यांचा मुलगा वायू झाल्यावर गाल फुगवून, हात पसरून उभा राहतो. तुम्ही त्याला म्हणता, "तू कशाला फुगायलास? कण फुगत न्हाई. तू तेवढाच राह्यचं. फक्त पळायचं."

मी मात्र तुमच्या त्या खेळात नापास होते. तुम्ही स्थायू म्हणालात की सगळ्यांच्या आधी मी रांगेत असायची, आणि मग हलायचं विसरायची. विसरायची म्हणजे, हलावंसं वाटायचं नाही. एकदा तुम्ही माझ्यासमोर येऊन थांबलात. सगळी रांग चुळबुळत होती. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, "इतका गार कण मी अजून बघितला न्हाई. असा नसतोच, बरं का." पोरं खूप हसली. मला राग आला होता. पुढे कॉलेजात शिकले, की ज्याहून कमी तापमान असूच शकत नाही, तिथेही कणांची हालचाल पूर्ण थांबत नाही. ते वाक्य वाचलं तेव्हा लायब्ररीत एकटी असताना मला हसू आलं. तुमचं म्हणणं पुराव्यासकट खरं निघालं होतं आणि तुम्हाला जाऊन तीन-चार वर्षं झाली होती.

त्या रागाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही मला कापराची एक वडी दिलीत. जाळायची नाही, कंपासपेटीत ठेवायची आणि बघत राहायचं. मी बघत होते. वडी बारीक होत गेली आणि एक दिवस नव्हतीच. मी बाकावरच्या शेजारणीवर आळ घेतला, तिने पेटी उलटी करून दाखवली, दोघी भांडत तुमच्याकडे आलो. तुम्ही पेटी नाकाला लावलीत आणि म्हणालात, "कुणी नेली न्हाई हिची वडी. एक एक कण उठून गेला, हिच्या डोळ्यांदेखत." मला ते फार आवडलं. ती आधी वितळली नाही, ओली झाली नाही, कशाला चिकटली नाही, आणि तरी गेली. ती पेटी अजून माझ्याकडे आहे. आता तिला वास येत नाही, आणि तो येतो असं मी उगाच लिहिणार नाही.

तर काल जेवणाच्या सुट्टीनंतर मी स्टोअरमधून फक्कीची गोणी मागितली आणि चौकोन आखला. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. स्थायू म्हटल्यावर सगळे सावधान झाले. वाटूर काय आणि एमआयडीसी काय, आमच्याकडे रांग म्हणजे सावधान. मी मुंगीचं सांगितलं. क्रेन चालवणारे दादा वायू झाल्यावर छाती फुगवून उभे राहिले, त्यांनाही तुमचंच वाक्य ऐकवलं. मग मी चौकोनाच्या आत एक लहानसा चौकोन आखला आणि सगळ्यांना त्यात कोंबलं. हा बंद पाइप, म्हटलं. तुम्ही पाणी. आता वाफ व्हा, पण रेघ ओलांडायची नाही. ते पळू लागले आणि लगेच एकमेकांवर आदळू लागले, हेल्मेटं वाजली, कुणी कुणाला शिव्या घातल्या, मध्ये अडकलेले मामा ओरडले, "अरे रेघ पुसा, जीव चालला!" आणि सगळा घोळका रेघ तुडवत बाहेर फुटला. मामा गुडघ्यांवर हात ठेवून दम घेत होते. ते म्हणाले, "आन आम्ही तर वीसच होतो."

आज सकाळी ते स्वतः प्रयोगशाळेच्या दारात आले. हातात गंजलेला, दोन्हीकडून चेपलेला पाइप. माझ्या कानाशी धरून हलवला. आत पाणी डुचमळत होतं. "मॅडम, आयका. ह्याच्यात पोरं कोंडलेत." भंगार कापायच्या मशीनवर त्याचं तोंड उडवलं, आणि तांब्याभर लाल पाणी मातीत सांडलं. मामा त्या पाण्याला म्हणाले, "जा रे बाबांनो, घरला जा." आजूबाजूचे हसले. मग ते ढिगाकडे वळले. दुपारपर्यंत बंद पाइपांचा वेगळा ढीग लागला होता. संध्याकाळपर्यंत टाकण्याआधी प्रत्येक पाइप कानाशी धरून हलवायची पद्धतच पडली. मी नियम लिहून लावला नाही. गरज पडली नाही.

हे पत्र तपासणीच्या एका जुन्या छापील कागदाच्या मागे लिहिते आहे. ते पाठवायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठरलेलं होतं, त्यामुळे एक गोष्ट लिहायला हरकत नाही. काल खेळ संपता संपता मामांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही बाहेर कशामुळं? तुमच्यात कण न्हाईत का?" मी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला आणि चौकोनात गेले. शेवटची फेरी वायूची होती. मी पळाले, रेघेपर्यंत, परत, पुन्हा रेघेपर्यंत. मग मामांनी हाळी दिली, स्थायू. सगळे रांगेत आले आणि चुळबुळू लागले. मला हाळी स्पष्ट ऐकू आली होती, बाई. तरी मी एक फेरी जास्त मारली.