वरचा कप्पा

४ मार्च

"तुमचा संधिवात बोटांचा आहे, खांद्यांची काळजी सोडा." चौदा वर्षांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते. मान वर न करता, कागदावर गोळ्या खरडत. आणि मी सोडली! शहाण्या बाळासारखी सोडली.

आज नव्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. सांध्याच्या अस्तराची सूज वर्षानुवर्षं आत धुमसत राहिली, म्हणे. कूर्चा झिजली, हाडाची कड कुरतडली गेली. हात उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या विरून तुटल्या, म्हणून दंडाच्या हाडाचा गोळा जागा सोडून वर सरकलाय. "इतकी वर्षं कळलं कसं नाही तुम्हाला?"

कळत होतं, बाई. विचारलं कुणी?

५ मार्च

नवरा माझी वेणी घालतो. वाकडी. "उद्या सरळ घालतो," म्हणतो. दोन वर्षं उद्याच चाललाय. आज चिडले त्याच्यावर. त्याचा काय दोष? तरी चिडले.

९ मार्च

वाचनालयात वार्षिक मोजणी. वरच्या कप्प्यातली एकेचाळीस पुस्तकं जागेवर नाहीत!

कुठे आहेत ते मला ठाऊक आहे. खालच्या कप्प्यात, मागच्या रांगेत. परत आलेलं पुस्तक वर लावायला हात खांद्याच्या वर जात नाही. मग वाकायचं आणि कुणाला दिसणार नाही असं आत सरकवायचं. चार वर्षं हेच करतेय. दर मोजणीला पकडले जाण्याची भीती, आणि दर मोजणीत सगळं जागच्या जागी! मला वाटायचं, मोजणारे डोळे मिटून खुणा करतात. मनातल्या मनात हसायचेसुद्धा त्यांना.

१० मार्च

ग्रंथपाल सगळ्यांसमोर मावशींवर घसरले. मावशी म्हणजे आमच्या सगळ्यांत जुन्या सहकारी. त्या कप्प्यांचा विभाग त्यांच्याकडे, निवृत्तीला दीड महिना. "होत नसेल तर घरी बसावं माणसानं!"

मावशी गप्प. मीही गप्प. शी!

११ मार्च

दिवसभर त्या जुन्या डॉक्टरांना मनात शिव्या घातल्या. सोपं आहे ते. स्वतःला घालायची वेळ आली की जीभ अडखळते. खांदा गेलाय म्हणून सांगितलं तर नोकरी जाईल — खरंय. आणि माझ्या गप्प बसण्यानं मावशींची अब्रू जातेय, हेही खरंय.

१२ मार्च

मावशींना गाठलं, सांगून टाकलं. त्या हसल्या!

"अगं, माहितीये मला. दर वर्षी मोजणीच्या आदल्या दिवशी शिडीवर चढून तुझी पुस्तकं मीच वर लावायचे. यंदा गुडघे म्हणाले, बास."

"मग परवा साहेबांना बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

ग्रंथपालांना अर्ज दिलाय. नकारच येणार. तरी लिहिलंय — पुस्तकं मी हलवली. मावशींची सगळ्यांसमोर माफी मागा, आणि वरचा कप्पा कायमचा रिकामा ठेवा.